सूज आणि बाळसे

'ही सूज आहे, बाळसे नव्हे,' असे आपण एखाद्या फसव्या भरभराटीविषयी सहज म्हणून जातो. या वाक्प्रयोगाचा शब्दशः अर्थही प्रत्येक पालकाने ध्यानी ठेवावा असा आहे. अंग भरणे आणि अंग सुजणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात. मात्र एक आरोग्याची खूण असते, तर दुसरी रोगाची.

प्रथम शब्दाकडे पाहू. संस्कृतात 'श्वि' या धातूचा अर्थ फुगणे, वाढणे असा आहे. 'श्वयथु' आणि 'शोथ' हे आयुर्वेदातील शब्द त्याच कुळातले. आपली 'सूज', हिंदीतील 'सूजन' आणि गुजरातीतील 'सोजो' हीदेखील याच घराण्यातील मानली जातात. याच धातूपासून 'शून', म्हणजे फुगलेले, हे रूप होते आणि 'शून्य' हा शब्द कोशकार त्याच्याशीच जोडतात. जे फुगले ते आतून पोकळ, हा त्यामागील भाव. ग्रीक भाषेतही सुजण्याच्या क्रियापदावरून 'इडीमा' ही वैद्यकीय संज्ञा आली. ईडिपस या शोकनायकाच्या नावाचा अर्थही 'सुजलेल्या पायांचा' असाच आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १८ वा अध्याय शोथालाच वाहिलेला आहे. वातज सूज दाबली असता पुन्हा चटकन वर येते व दिवसा वाढते. कफज सूज दाबल्यावर वर येत नाही व रात्री बळावते, असे भेद तेथे सांगितले आहेत. दाबून पाहण्याची ही रीत आजही दवाखान्यात चालते.

आजच्या मराठीत 'सूज' हा एकच शब्द दोन निराळ्या अवस्थांसाठी वापरला जातो. पेशींच्या भोवती पाणी साठून पाय फुगतात, ती एक सूज. जंतुसंसर्ग, इजा किंवा अन्य कारणाने अवयवाचा दाह होतो, ती दुसरी. 'यकृताला सूज आहे' असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा बहुधा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. परिभाषेत त्यालाच 'यकृतशोथ' म्हणतात. म्हणून 'सूज म्हणजे नेमके काय?' हे विचारण्यात संकोच बाळगू नये. मार लागून आलेले टेंगूळ, पू झालेले गळू, हाताला लागणारी गाठ, गालगुंड यांना भाषेने वेगळी नावे दिली आहेत. ती योग्य जागी वापरली तर निदानालाही साहाय्य होते.

आता पुन्हा बाळशाकडे. तीव्र कुपोषणाच्या एका प्रकारात बालकाच्या अंगात पाणी साठते. गाल भरलेले दिसतात, वजनही फारसे घटलेले दिसत नाही. १९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानातील बालकांमधील या आजाराचे वर्णन केले. पुढे त्याला 'क्वाशिओरकोर' हे नाव मिळाले. अशा वेळी बालकाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठ्याने सुमारे तीन सेकंद हलकेच दाबावे. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला, तर ते बाळसे नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मोठ्यांच्या बाबतीतही काही खुणा दुर्लक्षू नयेत. दोन्ही पाय सुजणे हे हृदय, मूत्रपिंड वा यकृताच्या विकाराचे लक्षण असू शकते. एकाच पायाची पोटरी अकस्मात सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. गरोदरपणात चेहरा व हात एकाएकी सुजले, डोके दुखू लागले वा दृष्टी अंधुक झाली, तर रक्तदाब तातडीने तपासावा. ओठ व जीभ सुजून श्वास अडखळू लागल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी सांगण्याची तयारी ठेवावी: सूज कोठे आहे, केव्हापासून आहे, सकाळी अधिक की सायंकाळी, आणि दाबल्यावर खळगा राहतो की नाही. नुसते 'सूज आली' एवढ्या दोन शब्दांपेक्षा ही चार उत्तरे उपचाराची वाट पुष्कळ जवळ आणतात.