चुन्याच्या निवळीवर वाढलेली प्रवाळं

शाळेच्या प्रयोगशाळेत चुन्याची निवळी सगळ्यांनीच हाताळलेली असते. परीक्षानळीत निवळी घ्यायची, काचनळीने तिच्यात फुंकायचं, ती दुधाळ झाली की उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो असं प्रयोगवहीत लिहायचं आणि मोकळं व्हायचं. निवळी दुधाळ करणारे ते बारीक कण कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच. घरच्या खाऱ्या टाकीत दगडी प्रवाळ वाढवण्याची कला ज्यांनी उभी केली, त्यांच्या हाताशी जी मोजकी साधनं होती त्यांत ही निवळी होती. ही माणसं होती बर्लिनची. शहराला समुद्र नाही, उष्ण समुद्रातलं प्रवाळ तर फारच दूर. बहुतेकांचं पोट दुसऱ्याच कुठल्या कामावर चालायचं, टाकी ही संध्याकाळची हौस. सागरी जीवशास्त्राला या हौशी लोकांनी जे दिलं, त्याची नोंद जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही असं मला वाटतं.

काचेआड प्रवाळ जगवायची धडपड मात्र बरीच जुनी. ॲना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेच्या उपप्रमुख धर्मगुरूची पत्नी. 1846 मध्ये तिने टॉर्क्वीच्या किनाऱ्यावरून थंड पाण्यातली काही दगडी प्रवाळं लंडनला आणली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची, रोज अर्धा-पाऊण तास. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्री शेवाळ घातलं आणि मोलकरणीचे कष्ट कमी झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचं मत्स्यगृह उघडलं 1853 मध्ये. या बाई त्याच्याही आधीच्या.

पण थिनबाईंची प्रवाळं इंग्लंडच्या गार, अंधाऱ्या पाण्यातली होती. उष्ण समुद्रात खडकच्या खडक उभे करणाऱ्या प्रवाळाची तऱ्हा वेगळी. त्याच्या शरीरात, पेशींच्या आत, सूक्ष्म शैवालं राहतात. ही शैवालं उन्हात साखर बनवतात आणि तिच्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. उथळ, स्वच्छ पाण्यातल्या प्रवाळाची बहुतेक गरज यातूनच भागते. बदल्यात शैवालांना आसरा मिळतो आणि प्रवाळाने टाकलेलं नत्र मिळतं. म्हणजे प्रवाळ पाळणाऱ्याला एकाच वेळी प्राणीही सांभाळायचा असतो आणि बागही. पाण्यात खत वाढलं की टाकी हिरव्या शेवाळाने भरते, प्रवाळ गुदमरतं. खत अगदीच संपलं तर प्रवाळ फिकं पडतं. उजेड कमी पडून चालत नाही आणि पाणी नेहमीपेक्षा दोन-तीन अंशांनी तापलं की प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकून पांढरं पडतं. समुद्रात हे सगळं आपोआप जुळलेलं असतं, कारण तिथे पाण्याला अंत नाही. तीनशे लिटरच्या काचेच्या पेटीत माशाने टाकलेली घाण संध्याकाळपर्यंत पेटीतच असते.

पहिली वाट दाखवली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी. त्यांनी समुद्रातून जिवंत खडक उचलून आणले, म्हणजे किडे, शेवाळं आणि जिवाणू यांनी आतबाहेर भरलेले सच्छिद्र दगड. ते टाकीत रचले, वर ऊन येऊ दिलं, हवेचे बुडबुडे सोडले आणि बाकी काही केलं नाही. 1961 मध्ये त्यांची ही पद्धत छापून आली. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात; आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या पोकळ्यांतले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे दगड हीच गाळणी. पण एंग यांच्या दाराशी समुद्र होता. बर्लिनकरांना दगड विमानाने मागवावा लागे आणि ऊन दिव्यातून काढावं लागे.

तिथे कामाला आला तो फेसाचा बंब, म्हणजेच स्किमर. आजही मी कुठली टाकी पाहायला गेलो की आधी खालचं कपाट उघडून स्किमर बघतो. प्लास्टिकचा उभा नळा, त्यात पंपाने घुसळलेले असंख्य बारीक बुडबुडे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे लहान राहतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून हे यंत्र समुद्राच्या पाण्यात चालतं आणि गोड्या पाण्याच्या टाकीत जवळजवळ निरुपयोगी ठरतं. माशांची विष्ठा, उरलेलं अन्न, प्रवाळाचा चिकट स्राव यांतली प्रथिनं बुडबुड्याच्या पातळ कवचाला चिकटतात आणि त्याच्याबरोबर वर चढतात. नळ्याच्या मानेत फेस दाटतो, वरच्या कपात ओसंडतो. कपाचं झाकण काढलं की कडक चहाच्या रंगाचा द्रव दिसतो, कडेला काळपट-हिरवा थर बसलेला असतो, आणि नाकाला जो वास लागतो तो ओहोटीच्या वेळच्या खाजणाचा. घाण कुजून नायट्रेट होण्याआधीच ती टाकीबाहेर निघालेली असते. दोन-चार दिवसांनी हा कप धुणं हे या छंदातलं सगळ्यात नकोसं काम, आणि टाकीचं बरंचसं आरोग्य त्यावरच अवलंबून.

जिवंत दगड, जोरदार स्किमर, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी: यालाच पुढे बर्लिन पद्धत म्हणू लागले. निवळीचा पुरस्कार केला पीटर विल्केन्स यांनी. उष्ण समुद्रातल्या अपृष्ठवंशी जिवांच्या पालनावरचं त्यांचं पुस्तक 1973 चं. वाढतं प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सतत ओढून घेतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. टाकीतल्या प्रवाळांनी ते खेचलं की भरून काढावं लागतं. विल्केन्स यांची युक्ती अशी की टाकीतून रोज जे दोन-चार लिटर पाणी उडून जातं, मीठ मागे ठेवून, त्याच्या जागी साधं गोडं पाणी न घालता निवळी घालायची. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं आणि रात्री थेंबथेंब सोडायचं.

रात्रीच का, यातच या युक्तीचं सौंदर्य आहे. दिवे मालवले की शैवालांचं काम थांबतं, पण श्वास सगळ्यांचाच चालू असतो. कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू उतरतो. निवळीचा सामू 12 च्या वर. ती पडते तशी हा कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यातून बायकार्बोनेट तयार होतं, कॅल्शियम तर तिच्यात असतंच. आणि दोन्ही मिळतात ते प्रवाळाला सांगाड्यासाठी लागतात त्याच प्रमाणात. शिवाय फॉस्फेटही काही प्रमाणात तळाशी बसतं. म्हणजे शाळेतल्या नळीत जे दुधाळ होऊन वाया जायचं, ते इथे प्रवाळ स्वतःच्या अंगात, स्वतःच्या आकारात रचतं.

चूक मात्र इथे महाग पडते. पाण्याची पातळी पाहून निवळी सोडणारा तरंगता खटका एखाद्या गोगलगाईने अडकवला, तर रातोरात सगळी बादली टाकीत रिती होते. सामू उसळतो, पाणी पांढरं होतं, आणि सकाळपर्यंत कित्येक वर्षांची वाढ मेलेली असते. अनुभवी माणसं म्हणून निवळीचं भांडंच लहान ठेवतात, सगळं सांडलं तरी सोसवेल एवढं. हल्ली बरेच जण कॅल्शियम आणि क्षार वेगवेगळ्या बाटल्यांतून मोजून देतात, त्यासाठी संगणकी पंप आहेत. मला तरी चुन्याचीच रीत जास्त आवडते.

मन्नारच्या आखातात कित्येक दशकं प्रवाळ खणून काढत, भट्टीत भाजत आणि त्याचा चुना करत. बर्लिनच्या घरांत चुन्याचं पुन्हा प्रवाळ होत होतं.

1980 च्या दशकात त्या गटातल्या डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीत ॲक्रोपोरा प्रवाळ वाढू लागलं, हरणाच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांनी पसरणारं. हा वंश तोवर हौशी लोकांना अशक्यच वाटत होता. श्ट्यूबर फांदी तोडून दुसऱ्याला देत. त्याची वाढली की तो तिसऱ्याला. त्या एका प्रवाळाच्या फांद्या युरोपभर आणि पुढे अमेरिकेत गेल्या. अजूनही ते प्रवाळ श्ट्यूबरच्या नावानेच ओळखलं जातं.

फांदी तोडणं दिसायला क्रूर, पण प्रवाळाला ते नवं नाही. वादळात मोडलेल्या फांद्या समुद्रातही रुजतात. हाड कापायच्या कात्रीने पेरभर टोक छाटायचं, सिरॅमिकच्या छोट्या चकतीवर जेलसारख्या सुपरग्लूचा ठिपका ठेवून त्यात रोवायचं आणि पाण्यात सोडायचं. पाणी लागताच ग्लू धरतो. पहिले काही दिवस फांदी रुसल्यासारखी मिटलेली असते. मग बुडाशी पातळ साय पसरताना दिसते: प्रवाळाची जिवंत त्वचा ग्लूवरून उतरून चकतीला कवेत घेत असते. हे झालं की फांदी लागली. चांगल्या पाण्यात ॲक्रोपोराची फांदी वर्षात दहाएक सेंटिमीटर वाढू शकते.

जागा सोडून लावावं लागतं, कारण प्रवाळं भांडतात. काही जाती रात्री लांबलचक डंखधारी तंतू बाहेर काढून शेजाऱ्याला भाजतात, काही पाण्यात विष सोडतात. माणसालाही इथे धोका आहे. पॅलिथोआ नावाच्या, बटणांसारख्या दिसणाऱ्या जिवांत पॅलिटॉक्सिन असतं. हवाईतल्या पॅलिथोआतून हे विष 1971 मध्ये वेगळं काढण्यात आलं, आणि ज्ञात विषांतलं ते अत्यंत जहाल. नको असलेला दगड उकळत्या पाण्याने धुतल्यामुळे वाफेतून विषबाधा होऊन घरातली माणसं इस्पितळात पोचल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हातमोजे आणि चष्म्याशिवाय टाकीतल्या दगडांना हात लावू नये, हे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

फांदीतून वाढलेलं प्रवाळ मूळ प्रवाळाची हुबेहूब प्रत असते. नवं रक्त हवं तर बीज-अंडी हवीत, आणि तिथे हौशी मंडळींचं घोडं अडलं होतं. समुद्रात ॲक्रोपोरा वर्षातून एकदा, पाण्याची ऊब आणि चंद्राची तिथी साधून, ठरावीक रात्री एकदम अंडी सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं कॅलेंडरच टाकीवर उतरवलं: सिंगापूर आणि ग्रेट बॅरियर रीफ इथल्या ऋतूंप्रमाणे चढतं-उतरतं तापमान, लांबतं-आखडतं दिवसमान, आणि मंद दिव्याचा चंद्र, तोही उगवता-मावळता. बंद टाकीतल्या चार जातींच्या ॲक्रोपोरांनी अंडी सोडली; शोधनिबंध आला 2017 मध्ये. 2019 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा मत्स्यालयाने याच तंत्राने स्तंभ-प्रवाळाची अंडी प्रयोगशाळेत पहिल्यांदा मिळवली. फ्लोरिडाच्या समुद्रात त्या प्रवाळाचे खांब रोगाने इतके विरळ झालेत की नर-मादी बीज एकमेकांपर्यंत पोचणंच अवघड. 2023 च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी तापलं तेव्हा समुद्रातल्या रोपवाटिकांतली प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवली गेली. टाकीत प्रवाळ जगतं हा विश्वास ज्या हातांनी मिळवून दिला, त्यांत बर्लिनचे ते हौशी हात आहेत.

आपल्याकडे या कलेला एक पक्की कुंपणरेषा आहे आणि ती योग्यच आहे. 2001 मध्ये दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. किनाऱ्यावरून शोभेसाठी उचललेला मेलेला तुकडाही त्यात येतो. परदेशी दगडी प्रवाळांवर वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या साइट्स कराराची बंधनं आहेत आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी जिवांची नोंदणीही करावी लागते. दुकानदार कागद दाखवत नसेल तर तिथून निघावं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. तिथल्या गढूळ पाण्यातही तग धरणारी पोराइट्स, टर्बिनारिया ही प्रवाळं पर्यटकांच्या पायांनी आणि बोटींच्या नांगरांनी आधीच जेरीस आली आहेत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळपठार आहे, तिच्यावर तर आपण धड नजरही टाकलेली नाही. यांतला कणभरही काचेच्या पेटीत यायला नको.

मराठी हौशी माणसाला करण्यासारखं काम दुसरीकडे आहे, माशांच्या पैदाशीत. शोभेचे बहुतेक सागरी मासे आजही समुद्रातून पकडूनच येतात. क्लाऊनफिश मात्र टाकीत विणतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलं आहे आणि ऐरोलीलाही या माशाचं बीजकेंद्र उभं राहिलं. मुंबईत एप्रिल-मेमध्ये पाणी थंड ठेवायला चिलर लागेल, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लागेल. बाकी गरजा थोड्या. सगळी पिल्लं आधी नर. जोडीतला मोठा होतो तो मादी बनतो. मादी अंडी चिकटवते, नर आठवडाभर पंखांनी वारा घालत बसतो. पिल्लांना खायला आधी रोटिफर, मग आर्टेमिया हे बारीक जीव. दोनेक आठवड्यांत अंगावर पांढरे पट्टे उमटू लागतात. समुद्रफूलसुद्धा लागत नाही, अंडी घालायला एक आडवी मातीची कुंडी पुरते.