मथळ्याचं भाडं

स्टेशनाबाहेरच्या पेपर स्टॉलवर उभ्या उभ्या मथळे वाचून सटकणारे फुकटे आपण पाहिलेत. खरं तर त्यांत आपणही असतो. त्या मथळ्यांचं भाडं स्टॉलवाल्याने पेपरच्या मालकाला द्यावं, असं कधी कुणाला सुचलं नाही. उलट विक्रीमागे कमिशन त्यालाच मिळतं. गूगल मथळा, दोन ओळी आणि लिंक दाखवू लागलं, तेव्हा मात्र हे भाडं मागितलं गेलं. जर्मनीत तर त्यासाठी कायदाच झाला.

1 ऑगस्ट 2013 पासून तिथल्या प्रकाशकांना बातमीच्या उताऱ्यांवर स्वतंत्र हक्क मिळाला. गूगल पैसे देईना. परवानगी नसेल तर उतारा आणि फोटो काढून नुसता मथळा नि लिंक ठेवू, म्हणालं. इतर प्रकाशकांनी निमूट फुकट परवानगी दिली; आक्सेल श्प्रिंगर ही बलाढ्य कंपनी ‘वेल्ट’सह चार वेबसाइटपुरती अडून बसली. दोनच आठवडे. सर्चमधून येणारे वाचक जवळपास 40 टक्क्यांनी घटले, गूगल न्यूजवरून येणारे जवळपास 80 टक्क्यांनी. नोव्हेंबर 2014मध्ये कंपनीने माघार घेतली. गंमत म्हणजे 2019मध्ये युरोपीय न्यायालयाने कायदाच निकालात काढला, कारण त्याचा मसुदा आधी युरोपीय आयोगाला कळवलाच नव्हता!

स्पेनने तर प्रकाशकाला हा हक्क सोडताच येणार नाही अशी मेख मारली. पैसे नकोत, वाचक हवेत, असं म्हणणारे छोटेही त्यात अडकले. डिसेंबर 2014मध्ये गूगल न्यूजने तिथून गाशा गुंडाळला, तो थेट 2022मध्ये परत उघडला.

लिंक आणि उतारा यांची एकत्र मोट बांधणंच मला चुकीचं वाटतं. लिंक म्हणजे पत्ता. पत्ता सांगणाऱ्याकडून कुणी पैसे घेतं का? उताऱ्याबाबत मात्र घासाघीस रास्त आहे. युरोपीय संघाच्या 2019च्या निर्देशाने लिंक आणि अगदी छोटे उतारे मोकळे ठेवले, बाकीच्यावर बोलणी करा म्हटलं. ती बोलणी गूगलने प्रामाणिकपणे केली नाहीत म्हणून फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2021मध्ये 50 कोटी युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडेही डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी 2022मध्ये गूगलची चौकशी लावली.

ऑगस्ट 2024पासून भारतातही गूगल सर्चच्या माथ्यावर एआयने रचलेला गोषवारा दिसू लागला. सोबत लिंक असतात, पण उत्तर मिळाल्यावर तिथवर जातं कोण? मथळे वाचणाऱ्या फुकट्यांपैकी एखादा तरी खिशात हात घालायचा. आता स्टॉलवालाच सगळे पेपर वाचून त्यांचं सार तोंडी सांगतोय, आणि गठ्ठे तसेच बांधलेले पडून आहेत.