विश्लेषण : मॉरिस, हेराल्ड, अॅम्बेसेडर... नागपूरच्या उन्हात टिकल्या, 'ई-२०' पेट्रोलमध्ये टिकतील का?

गाडी साठ वर्षांची, पेट्रोल मात्र आजचे. जुन्या ब्रिटिश गाड्या जपणाऱ्या नागपूरकरांची सध्याची अडचण एवढ्या एका वाक्यात सांगता येते. आजोबांनी घेतलेली अॅम्बेसेडर किंवा कुणाच्या तरी शेडमधून धूळ खात पडलेली उचलून आणलेली स्टँडर्ड हेराल्ड, दोन्ही गाड्यांनी विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा पचवला. लायसन्स राज पाहिले, सुटे भाग मिळेनासे झाले तेही निभावले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि या गाड्या तयार झाल्या तेव्हा तसे काही कुणाच्या मनातही नव्हते.

गंमत अशी, की इथेनॉलचा सर्वात मोठा पुरस्कर्ता आणि जुन्या गाड्यांना कायद्यात स्वतंत्र जागा देणारा मंत्री, दोन्ही एकच. आणि तेही नागपूरचेच खासदार, नितीन गडकरी.

नागपुरात एवढ्या ब्रिटिश गाड्या आल्या कुठून?

आजच्या पिढीला नागपूर म्हणजे राज्याची उपराजधानी. पण हे शहर ब्रिटिशकाळात मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची. सचिवालय, हायकोर्ट, राजभवन, सिव्हिल लाइन्समधले मोठे बंगले, शिवाय मँगनीजच्या खाणी चालवणारी ब्रिटिश मालकीची कंपनी (तिच्यातूनच १९६२ मध्ये आजची 'मॉइल' उभी राहिली). म्हणजे अधिकारी, बॅरिस्टर, डॉक्टर, खाणमालक असा मोटार परवडणारा वर्ग येथे आधीपासून होता.

दुसरे कारण सरकारी धोरणाचे आहे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. परदेशातून सुटे भाग आणून येथे नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना त्यानंतर थारा उरला नाही. फोर्ड, जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या बाहेर पडल्या. मोटारगाड्या बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या उरल्या तीन : कोलकात्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड मोटर आणि मुंबईची प्रीमियर. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला. उरलेल्या दोघींचे माहेर इंग्लंड.

हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस कंपनीच्या गाड्या एकामागून एक भारतीय नावाने आणल्या. मॉरिस मायनरची 'बेबी हिंदुस्तान' झाली, १९५४ मध्ये 'लँडमास्टर' आली आणि ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यातली मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस 'अॅम्बेसेडर' बनली. इंग्लंडमध्ये ते मॉडेल १९५९ मध्ये बंद झाले. आपल्याकडे तीच गाडी थोड्याफार बदलांनिशी २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली.

नागपूरच्या आठवणीत अॅम्बेसेडरची जागा वेगळी आहे ती डिसेंबरमुळे. हिवाळी अधिवेशन आले की विधान भवन, रवी भवन, आमदार निवास या पट्ट्यात पांढऱ्या अॅम्बेसेडरच्या रांगा लागत. गाडीवरच्या दिव्याचा रंग पाहून आत कोण असेल याचे अंदाज बांधणे हा चौकातल्या पानठेल्यावरचा ठरलेला उद्योग होता. मे २०१७ पासून लाल दिवेच गेले. अॅम्बेसेडर त्याआधीच ताफ्यांतून हटू लागली होती. त्याच वर्षी तिचे नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजोकडे गेले.

आणि हेराल्ड?

हेराल्ड तुलनेने कमी, पण तिचे वेड जास्त. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली आणि १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' नावाने बनू लागली. तिचा आकार रेखाटला होता जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने. गाडी अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात वळते. महाल-इतवारीच्या बोळांत हा गुण आजही कामाचा आहे. तिचे संपूर्ण बॉनेट दोन्ही मडगार्डांसह पुढच्या बाजूला उघडते. इंजिन, स्टिअरिंग, सस्पेन्शन सगळे समोर. चाकावर बसून काम करता येते, वाकावेही लागत नाही. ज्याला स्वतः पाना हातात घ्यायचा आहे त्याच्यासाठी याहून सोयीची गाडी क्वचितच बनली असेल.

एक गोष्ट मात्र हेराल्डवाल्यांना हमखास सांगावी लागते. पुढच्या चाकाच्या ट्रनियनमध्ये ग्रीस नव्हे, गिअर ऑइल घालायचे असते. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोहोचत नाही, पाणी साचते, गंज चढतो आणि एखाद्या वळणावर चाक बाहेर लोळते. 'सगळीकडे ग्रीस मारून द्या' ही सर्व्हिसिंगची सवय या गाडीला महागात पडते.

'खटपट' करता येते म्हणजे नेमके काय?

आजच्या गाडीत दिवा पेटला की स्कॅनर लावतात. जुन्या ब्रिटिश गाडीत कान लावतात. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर, टॅपेट. बहुतेक आजार या पाच ठिकाणी सापडतात. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची फट साधारण ०.०१५ इंच हवी. फीलर गेजची पट्टी, स्क्रू ड्रायव्हर आणि दहा मिनिटे एवढ्यावर बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू होते.

जुन्या अॅम्बेसेडरमधला एस. यू. कार्बोरेटर तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एकदा उघडून पाहावाच असा आहे. आत एक पिस्टन, त्याला खाली निमुळती सुई. इंजिनने हवा जास्त ओढली की पिस्टन वर उचलला जातो, सुई जेटमधून वर सरकते आणि सुई निमुळती असल्याने पेट्रोलला वाट मोठी होते. हवा वाढली की पेट्रोल आपोआप वाढते. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पिस्टन एकदम उसळू नये म्हणून वरच्या नळीत थोडे तेल घातलेले असते, बस्स. 'पिकअप मिळत नाही' अशा तक्रारीचे उत्तर कधी कधी त्या संपलेल्या तेलात असते.

नट-बोल्ट हा वेगळाच अध्याय. मेट्रिकचे १०-११, १२-१३ पाने येथे नीट बसत नाहीत. इंच, अर्धा इंच आणि 'सुता'च्या मापात विचार करावा लागतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). काही गाड्यांत त्याहून जुनी व्हिटवर्थ पद्धतीची आटी निघतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनीअरने १८४१ मध्ये मांडलेले माप, आटीचा कोन ५५ अंश. त्यात ६० अंशांचा बोल्ट पाना लावून बसवला, तर दोन-तीन फेरे जातो आणि मग आटी खाऊन टाकतो. त्यामुळे बाप-लेक मिळून चालवलेल्या जुन्या गॅरेजातला वस्ताद ज्या डब्यात जुने नट साठवतो, तो डबा भंगार नसतो.

मग 'ई-२०'ने बिघडते काय?

आधी पार्श्वभूमी. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आले. मूळ उद्दिष्ट २०३० चे होते, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे सुटे भाग त्या पेट्रोलला चालतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांचे मायलेज घटते. ई-० साठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ही घट ६ ते ७ टक्के असेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नोंदवले होते. पण क्लासिक गाडी ठेवणारा मायलेज मोजत बसत नाही. त्याची चिंता वेगळी.

पहिली, मिश्रणाची. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई-२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला यातले काही कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो, मिश्रण 'लीन' होते आणि इंजिन तापते. प्लग काढून पाहिला तर बिस्किटासारख्या तपकिरी रंगाऐवजी पांढरट दिसतो. यावर उपाय आहे : एस. यू. कार्बोरेटरच्या तळाचा जेट नट एक-दोन पैलू खाली फिरवून पेट्रोल वाढवता येते. सुटी जेट असलेल्या सोलेक्समध्ये थोड्या मोठ्या मापाची जेट घालावी लागते.

दुसरी चिंता नागपूरची खास. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनला चिकटलेला असतो. मे महिन्यात दुपारी सिग्नलला गाडी उभी राहिली की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ओढत बसतो आणि गाडी बंद. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओले फडके टाकून पाच-दहा मिनिटे थांबणे हा त्यावरचा अस्सल देशी इलाज. साध्या पेट्रोलपेक्षा इथेनॉल मिसळलेले पेट्रोल लवकर वाफ धरते, त्यामुळे फडके जास्त वेळा ओले करावे लागते, असे समजा.

तिसरी आणि सर्वात गंभीर चिंता रबराची. जुन्या नळ्या, डायफ्राम, सील इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, तडकतात. गरम सायलेन्सरजवळ पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण. येथे कंजुषी नको. इथेनॉलला दाद न देणाऱ्या फ्लुओरो-रबरच्या नळ्या मिळतात, त्याच घ्याव्यात. पंपाचा डायफ्रामही त्याच प्रतीचा हवा.

याशिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी राहिली, की ओल प्रमाणाबाहेर जाऊन पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. टाकी पत्र्याची. पुढे काय होते ते सांगायला नको. म्हणून पावसाळ्याआधी कार्बोरेटर रिकामा करणे आणि टाकीत महिनोन्‌महिने जुने पेट्रोल न ठेवणे, हे नियम आता ऐच्छिक राहिलेले नाहीत.

इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळत नाही का?

मोजक्या शहरांत १०० ऑक्टेनचे, इथेनॉल न मिसळलेले पेट्रोल विकले जाते. पण त्याचा दर नेहमीच्या पेट्रोलहून कितीतरी जास्त आहे, आणि विनोद असा की सातच्या आसपास कॉम्प्रेशन रेशो असलेल्या या इंजिनांना एवढ्या ऑक्टेनची काडीचीही गरज नाही. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के इथेनॉल आणले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे 'सुपर' पेट्रोल पंपांवर कायम ठेवले. आपल्याकडे ई-० चा पर्याय ठेवावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी ती फेटाळली गेली. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी वकिलीची अनेक वर्षे नागपूर खंडपीठात काढलेली. या विषयाची नागपूरशी गाठ काही सुटत नाही.

इंधन बदलण्याची ही पहिली वेळ मात्र नव्हे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तेव्हाही 'आता या गाड्या संपल्या' असे बोलले गेले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकांना वंगणासारखे सांभाळत असे. ते गेल्यावर बैठका झिजू लागल्या. मग हेड उतरवून कठीण पोलादाच्या बैठका बसवण्याचे काम लेथवाल्यांनी शिकून घेतले. गाड्या चालत राहिल्या.

कायदा काय म्हणतो?

१५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. फिटनेस तपासणी, वाढीव शुल्क, पर्यावरण कर हे सगळे आले. दिल्लीत वयावरून गाड्यांना जसा मज्जाव झाला, तसा नागपुरात नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. आधीच नंबर असलेल्या गाडीला तो जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेली मालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार.

अट मात्र कडक. ही नोंदणी घेतलेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर उतरू शकते. त्यामुळे रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन फुटाळ्याला चक्कर मारायची असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवलेली बरी.

'मूळ स्वरूप' ही अटही अनेकांना अडते. पेट्रोल महागले तेव्हा कित्येक अॅम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवले गेले. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये असा मोठा बदल झालेली गाडी व्हिंटेजच्या व्याख्येबाहेर जाते. इथेनॉलची कटकट नको म्हणून बॅटरी-मोटर बसवू पाहणाऱ्यांनाही हेच लागू. नळ्या, डायफ्राम, जेट बदलण्याला मात्र मोठा बदल म्हणता येत नाही, ती देखभालच.

सुट्या भागांचे काय?

अॅम्बेसेडर वाल्यांना अजून फारशी ओरड नाही. गाडी २०१४ पर्यंत बनली, त्यामुळे बाजारात माल आहे आणि शोधणाऱ्याला मिळतो. मॉरिस मायनर आणि हेराल्डचे नवे भाग इंग्लंडमध्ये आजही तयार होतात. कुरिअर आणि कस्टमचा भुर्दंड सोसला तर पार्सल नागपुरात घरपोच येते. खरी टंचाई स्टँडर्डच्या भारतीय बदलांची. मद्रासमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनलेल्या चार दारांच्या हेराल्डचे मागचे दार इंग्लंडमध्ये कुणी बनवलेच नव्हते. ते ठोकून काढायला पत्र्याचे काम हाताने करणारा डेंटरच लागतो, आणि अशा कामाला तो तारीख देत नाही, 'पाहू' म्हणतो.