एच.डी.चे पैसे आणि पिवळी वायर

गेल्या दिवाळीत बोनस हाती पडला आणि आमच्या घरी मोठ्या पडद्याचा टी.व्ही. आला. बोनसमधून पहिली रक्कम भरली, बाकीचे हप्ते. केबलवाल्याने एच.डी.चा बॉक्स बसवून दिला. एच.डी. चॅनेलचे जादा पैसे दरमहा सुरू झाले. चार महिने आम्ही ते बिनबोभाट भरले. कचेरीत दुसऱ्यांची बिले तपासणारे आम्ही, घरी मात्र आपण कशाचे पैसे भरतो हे पाहिले नाही.

आईची सत्तरी उलटली आहे. बातम्यांखाली धावणारी पट्टी मोठ्याने वाचायची तिची सवय. नवा टी.व्ही. आल्यापासून ती गप्प असे. एकदा म्हणाली, "अरे, अक्षरं फुगल्यासारखी दिसतात रे." डोळ्यांचे दुखणे असेल, मोतीबिंदू असेल, असे आम्ही धरून चाललो. शेवटी बारावीतल्या मुलीने टी.व्ही.च्या मागे डोकावून विचारले, "पप्पा, ही पिवळी वायर कशाला? हिच्यातून एच.डी. येतच नाही."

खरेच येत नाही. पिवळ्या पिनेतून चित्र जाते, पांढऱ्या आणि लाल पिनांतून आवाज. ही जुन्या डबा टी.व्ही.च्या काळातली सोय. भाड्याचा व्ही.सी.आर. आणून वस्तीत रात्रभर सिनेमे पाहिले ते याच वायरीवर! तिच्यातून जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे चित्र येते. एच.डी.चे चित्र १९२० गुणिले १०८०. आम्ही कागदावर गुणाकार केला, बरोबर पाचपट भरला. म्हणजे पाच वाट्यांचे पैसे देऊन एक वाटी घरात येत होती, आणि तीच ताणून मोठ्या पडद्यावर पसरली जात होती.

यासाठी एच.डी.एम.आय. नावाची चपटी वायर लागते. चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातूनच जातात, लाल-पांढऱ्याची गरज उरत नाही. दुकानदाराने आम्हाला सोनेरी टोकाची महागडी दाखवली. बॉक्स टी.व्ही.जवळच असेल तर साधी दीड मीटरची पुरते. आम्ही साधीच घेतली. आधी टी.व्ही. आणि बॉक्स दोन्हींचे प्लग भिंतीतून काढावेत, नुसते रिमोटने बंद करून भागत नाही. केबलवाल्याची काळी गोल वायर बॉक्सला आहे तशीच राहू द्यावी. चपट्या वायरीचे टोक खाचेत जात नसेल तर उलटे करून पाहावे, दाबू नये. मग टी.व्ही.च्या रिमोटवरचे 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबून, ज्या खाचेत वायर घातली तिचा नंबर निवडावा. हे न केल्याने पडदा काळा राहतो आणि लोक बॉक्स बिघडला म्हणून फोन करतात.

एवढ्यावर काम संपेलच असे नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र ५७६ वर असेल तर ते १०८० वर न्यावे, आकार १६:९ ठेवावा. आमच्याकडे निवेदिकेचे गाल सुजल्यासारखे दिसत, ते चौकोनी चित्र ताणल्यामुळे. जुन्या सिनेमाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर तो दोष नव्हे, ते चित्रच चौकोनी आहे. आणि चॅनेल एच.डी.चेच लावावे. त्याचा नंबर वेगळा असतो, साध्या नंबरावर साधेच चित्र दिसणार. बॉक्सला ही चपटी खाचच नसेल तर तो बहुधा साधा बॉक्स आहे, अशा वेळी एच.डी.चे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

चार महिन्यांच्या जादा पैशांबद्दल आम्ही केबलवाल्याला गाठले. "चॅनेल तर चालूच होते ना, साहेब?" तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. बऱ्याच बोलाचालीनंतर त्याने एका महिन्याचे सोडले.

आई आता पट्टी पुन्हा मोठ्याने वाचते. तरीही तिला डोळे तपासायला नेलेच. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, असे डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.