खाजणातली मोरस

अलिबाग-पेणच्या खारेपाटात बाजारात बसलेल्या आगरी-कोळी बायकांच्या पाटीत कधी बारीक, मांसल पानांची हिरवी-तांबूस भाजी दिसते. ही मोरस, शास्त्रीय नाव सुएडा मॅरिटिमा. पालक, चाकवत आणि बीट तिच्याच कुळातले. मात्र ती कोणी पेरत नाही. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात, आपसूक उगवते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात भाताचं रोप तग धरत नाही. मुळांना पाणी ओढता येत नाही आणि आत शिरलेलं सोडियम पेशींतल्या विकरांचं काम बिघडवतं. मग मोरसची विकरंच मिठाला पुरून उरणारी असतील? इंग्लंडमधले वनस्पतिशास्त्रज्ञ टिमोथी फ्लॉवर्स यांनी सत्तरच्या दशकात ती वेगळी काढून वाटाण्याच्या विकरांशी ताडून पाहिली. मिठापुढे दोन्ही सारखीच दुबळी निघाली! मोरसचं खरं कसब मीठ कोंडून ठेवण्यात आहे. ते ती पेशीतल्या रिक्तिकेत साठवते आणि उरलेल्या पेशीद्रवात ग्लायसिन बीटेन हे निरुपद्रवी संयुग भरून दोन्हीकडचा दाब सारखा राखते. मिठाच्या पाण्याने रिक्तिका फुगतात, म्हणून पान गुबगुबीत. बेताचा खारेपणा मिळाला, तर ती गोड्या पाण्यापेक्षा जोमाने वाढते.

तिची जागाही ठरलेली. कांदळवनाच्या मागे, जिथे फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी पोचतं, तिथे. मधल्या दिवसांत चिखल वाळून वर मिठाची साय धरते. बियांना मात्र रुजताना खारेपणा कमी लागतो. तो कमी करण्याचं काम पाऊस करतो.

भाजी करताना पानं उकडून, पिळून पाणी टाकून द्यायचं. मग चणाडाळ, जवळा किंवा सोडे घालून परतायची. वरून मीठ घालायचं नाही. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खावी.

सरकारी दप्तरात खाजण म्हणजे बहुधा पडीक जमीन. तिथे भराव पडला की उधाणाचं पाणी थांबतं, पावसाने मीठ धुऊन जातं आणि गोड्या जमिनीतलं तण मोरसला हुसकावतं. हे नुकसान कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही, आणि ते धरलं जायला हवं. खुडायला जाल तर शेंडेच घ्या, रोप उपटू नका. कारखान्यांचं सांडपाणी येणाऱ्या खाडीतली मोरस खाऊ नका. ती मिठासोबत चिखलातले जड धातूही शोषते.