बातमीला थोडा वेळ द्या

फजरची नमाज होते आणि मुसल्ला घडी करायच्या आत हात मोबाईलकडे जातो. खानदानाचा ग्रुप, मोहल्ल्याचा ग्रुप, शाळेचा ग्रुप. कुठे मारहाणीचा व्हिडिओ, कुठे बुलडोझर, कुठे टीव्हीवरच्या चर्चेतला आरडाओरडा. चहा निवतो, मुलांच्या डब्याला उशीर होतो आणि दिवस सुरू होण्याआधीच मन थकते. असे घर शोधायला आपल्याला लांब जावे लागणार नाही.

बातम्या पाहूच नका, असे आमचे म्हणणे नाही. आजच्या काळात बेखबर राहणे आपल्याला परवडणारे नाही. प्रश्न एवढाच आहे की, ही खबर आपल्याला शहाणे करते की नुसतीच घाबरवते?

न संपणारे पान

वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. ते वाचले की पेपर घडी करून ठेवता येतो. मोबाईलच्या पडद्याला मात्र तळच नाही. बोट सरकवावे तसे खालून नवे येत राहते. ही सोय एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने २००६ साली तयार केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. लोक ज्यावर जास्त वेळ थांबतात आणि जे पुढे पाठवतात, तेच ॲप वर आणते. राग आणि भीती माणसाला सर्वांत जास्त थांबवून ठेवतात.

आम्हा शिक्षकांना याचा परिणाम वर्गात दिसतो. सातवी-आठवीची मुले दूरच्या एखाद्या शहरातल्या दंगलीबद्दल बोलतात. ते शहर कोणत्या राज्यात आहे, घटना कधीची आहे, असे विचारले की गप्प होतात. माहिती काहीच नसते, धास्ती मात्र मनात बसलेली असते.

घाईची किंमत

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी फिरणारे लोक होते. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. पण बटणावर बोट शेवटी माणसाचेच असते.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही स्टेटसवरून तणाव पेटला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. आपल्या घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगायला हवे. दोन सेकंदांत टाकलेल्या स्टेटसची झळ सगळ्या मोहल्ल्याला लागू शकते.

तहकीकचा हुकूम

सूरह हुजुरातची सहावी आयत याच बाबतीत आहे. बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी तहकीक करा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय. मुफस्सिरांनी तिची पार्श्वभूमी सांगितली आहे. बनू मुस्तलिक कबिल्याकडे जकात वसुलीसाठी गेलेली व्यक्ती वाटेतूनच परतली आणि कबिल्याने जकात नाकारल्याचे तिने सांगितले. तपास झाला तेव्हा ते खरे नसल्याचे कळले. तपासाआधी पाऊल उचलले असते तर? ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या अर्थाची हदीसही सहीह मुस्लिममध्ये आहे.

सावकाश माध्यमे

२०१० च्या जानेवारीत जर्मनीत तिघांनी ‘स्लो मीडिया’ नावाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. माध्यमे घाईघाईत गिळण्यासाठी नसून लक्ष देऊन वाचण्या-ऐकण्यासाठी असावीत, असा त्याचा सूर होता. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. मालेगाव-भिवंडीच्या चहाच्या हॉटेलांत एकच उर्दू अखबार दहा हातांतून फिरायचा. एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे आणि मग त्यावर बोलायचे.

छापील पेपरवर संपादक, मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव असते. चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा, हे ठाऊक असते. फॉरवर्ड मात्र बेनाव असतो. शिवाय पेपर काही तास उशिरा येतो, तेवढ्या वेळात निम्म्या अफवा मरून जातात.

घरात काय करता येईल?

सकाळी एक पेपर घ्या, मराठी किंवा उर्दू, आणि रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या ऐका. बातम्यांच्या ॲपची सूचना-घंटी बंद ठेवा. मगरिबपासून इशापर्यंत सगळ्यांचे मोबाईल एका कपाटात ठेवा, अब्बूंचासुद्धा. वडील पडद्यात मान घालून बसले असतील तर मुलाला केलेला उपदेश वाया जातो.

त्या वेळेत कुणीतरी मोठ्याने वाचावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि ते स्वस्तही आहे. उर्दू वाचणाऱ्या मुलांसाठी ‘बच्चों की दुनिया’ आहे. दादी-नानींना ऐकायला बसवा, त्यांच्या आठवणी आपोआप निघतील.

दिवसभर घरात असणाऱ्या बहिणींसाठी मोबाईल ही बाहेरच्या जगाची खिडकी असते. तेव्हा त्यांना रागावण्यापेक्षा पेपर आणि मासिक आधी त्यांच्या हातात द्या.

आणि खरेच काही घडले तर? तुमची बहीण त्या गावात राहत असेल तर व्हिडिओ पाहत बसू नका, तिला फोन करा. ती सुखरूप आहे की नाही, हे तिच्याच आवाजात कळेल. तिला काही हवे असेल तर तेही तेव्हाच विचारता येईल.

खबर घेताना आणि देताना सबुरी ठेवण्याची तौफीक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.