तांबे संपेल का?

मुलांनो, तुमच्या घरात तांबे आहे का? ‘नाही’ म्हणण्याची घाई करू नका. तांब्याची देग किंवा हंडा नसेल. पण वीज असेल, तर तांबेही आहे. बटण दाबताच वीज भिंतीतल्या तांब्याच्या तारेतून धावते. पंख्याच्या मोटारीतही तांब्याच्याच तारेचे वेढे असतात. चांदी सोडली तर तांब्याइतकी सहज वीज वाहून नेणारा दुसरा धातू नाही. चांदी महाग, म्हणून हे काम तांब्याकडे आले.

पूर्वी तांब्याची भांडी घरोघरी असत. तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे बिघडतो. म्हणून देगेला आतून कथलाचा पातळ थर देतात. त्याला मराठीत कल्हई म्हणतात. उर्दूतला ‘कलई’ तोच हा शब्द!

हे तांबे येते कुठून? जगातल्या खाणींतून दरवर्षी २ कोटी २० लाख टनांहून अधिक तांबे निघते. त्यातला सुमारे चौथा हिस्सा दक्षिण अमेरिकेतला चिली हा एकच देश देतो. कांगो आणि पेरू त्याच्यामागे आहेत. आपल्याकडे मध्य प्रदेशात मलाजखंड व राजस्थानात खेत्री येथे खाणी आहेत. पण आपली गरज मोठी, म्हणून बरेचसे तांबे बाहेरून आणावे लागते.

चिलीत अटाकामा नावाचे अतिशय कोरडे वाळवंट आहे. तिथे चुकीकामाता ही खाण आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ खोदून तिथे आठशे मीटरपेक्षा खोल खड्डा झाला. वरून खोदणे परवडेना, तेव्हा २०१९ साली त्याच्याखाली भुयारे काढून काम सुरू झाले. इतके खोदून हाती काय येते? दगड! शंभर किलो दगडात बहुधा एक किलोही तांबे नसते. तो दगड दळतात, पाण्यात फेस करून तांब्याचे कण वर तरंगवतात, ते भट्टीत वितळवतात आणि शेवटी विजेच्या साहाय्याने शुद्ध करतात. या कामाला पाणी फार लागते. म्हणून तिथल्या एस्कोंडिदा खाणीसाठी समुद्राचे पाणी गोडे करून तीन हजार मीटरपेक्षा उंच चढवतात.

आता एक गणित करा. जगातला तांब्याचा साठा सुमारे १०० कोटी टन आहे. दरवर्षीच्या उत्पादनाने त्याला भागा. उत्तर येईल सुमारे ४५ वर्षे. म्हणजे तुम्ही साठीला याल, तेव्हा तांबे संपलेले असेल का?

नाही. १९७० साली हा साठा सुमारे २८ कोटी टन मानला जाई. त्याच्या दुपटीहून अधिक तांबे तेव्हापासून काढले गेले, तरी साठा वाढलाच! कारण साठा म्हणजे जमिनीतले सगळे तांबे नव्हे. आजच्या भावात काढायला परवडते तेवढेच. नवी खाण सापडली, भाव चढला किंवा यंत्रे सुधारली की साठा वाढतो. मात्र चांगला दगड आधी संपतो. मग तेवढ्याच तांब्यासाठी जास्त दगड फोडावा लागतो, जास्त पाणी आणि वीज लागते. खरी काळजी ही आहे. त्यात विजेवर चालणाऱ्या मोटारीला पेट्रोलच्या मोटारीपेक्षा तीन-चार पट तांबे लागते.

एक खाण मात्र आपल्या गल्लीतच आहे. भंगारवाला वस्तूला लोहचुंबक लावून पाहतो. तांब्याला ते चिकटत नाही. तांबे तो वेगळ्या पोत्यात ठेवतो आणि त्याला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव देतो. हे तांबे पुन्हा भट्टीत जाते. कितीही वेळा वितळवून शुद्ध केले, तरी त्याचा गुण कमी होत नाही. काही मुले तारेवरचे प्लॅस्टिक जाळून तांबे काढतात. तो धूर विषारी असतो. तार सोलूनच तांबे काढतात. त्याला वेळ लागतो, पण तांबेही काळे पडत नाही.